बेफाम गाडीवाल्याची तक्रार सायकलवाल्यानं कुठं आणि कशी करायची : सोलापुरातले नेहमीचे प्रश्न

हे प्रश्न सोलापुरातले सायकलवाले परत परत विचारतात. कुणी होटगी रोडचा असतो, कुणी विद्यापीठाकडं जाताना पुणे रोडवर घाबरलेला, कुणी अक्कलकोट रोड एमआयडीसीत सकाळची पाळी गाठणारा. साधे प्रश्न आधी घेतलेत, अडचणीचे नंतर, आणि एकाच गोष्टीबद्दल दोनदा लिहायला नको म्हणून जिथं लागेल तिथं दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. मला धडक बसली नाही, फक्त अगदी घासून गेला. एवढ्यावर तक्रार होते का?

होते, आणि खरं तर हीच तक्रार सगळ्यात जास्त व्हायला पाहिजे, कारण धडक बसल्यावर तक्रार सगळेच करतात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १८४ धोकादायक ड्रायव्हिंगचं आहे आणि कुणाला लागलंच पाहिजे अशी अट त्यात नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात स्पष्टच लिहिलंय की सिग्नल तोडणं, गाडी चालवताना हातात मोबाईल धरणं, नियम सोडून ओव्हरटेक करणं, राँग साईडनं येणं हे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरायचं. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ पण आहे, सार्वजनिक रस्त्यावर दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल अशी बेदरकार गाडी चालवणं, त्यालाही जखम झालेली असावी लागत नाही. सायकलपासून किती अंतर सोडायचं याचा मीटरमधला आकडा काही देशांच्या कायद्यात असतो तसा आपल्याकडं नाही, म्हणून "दीड मीटर सोडलं नाही" असं न लिहिता "हँडलला आरसा घासला", "मला रस्त्याखाली मातीत उतरावं लागलं" असं लिहा.

२. मग तक्रार नक्की कुणाकडं करायची?

धोका अजून चालू असेल, म्हणजे दारू प्यायलेला ड्रायव्हर झोकांड्या खात पुढं चाललाय किंवा कुणी मुद्दाम तुमच्या मागं लागलाय, तर कडेला थांबून ११२ लावा. बाकी काही शोधत बसू नका. तो निघून गेला असेल तर शहरात दोन दारं आहेत, ज्या हद्दीत झालं ते पोलीस ठाणं आणि पोलीस आयुक्तालयाची वाहतूक शाखा. नुसतं नियम मोडणं असेल (सिग्नल, राँग साईड, मोबाईल) तर वाहतूक शाखा पुरते, पण जिवावर बेतलं असेल तर पोलीस ठाण्यातच जा. महाट्रॅफिक ॲपवरून फोटोसकट कळवता येतं आणि राज्य पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर तक्रार टाकता येते. राष्ट्रीय महामार्गावर, म्हणजे पुणे-हैदराबाद किंवा विजापूरच्या रस्त्यावर, १०३३ हा महामार्गाचा हेल्पलाईन नंबर आहे, बंद पडलेली गाडी, रस्त्यावर सांडलेला माल असल्या गोष्टींना तो जास्त उपयोगी. आरटीओकडं कधी जायचं ते प्रश्न ११ मध्ये आहे.

३. त्या गडबडीत मी काय काय लक्षात ठेवू?

आधी गाडीचा नंबर, बाकी सगळं त्याच्यानंतर. तो मोठ्यानं दोन-तीनदा म्हणा आणि थांबून लगेच फोनमध्ये स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा, लिहीत बसायची गरज नाही. आवाजात वेळ सांगा, जागा सांगा, पण जागा म्हणजे "विजापूर रोड" नाही, तो रस्ता लई लांब आहे, "सैफुलच्या पुढं, शहराकडं येणाऱ्या बाजूला, अमुक पेट्रोल पंपासमोर" असं पाहिजे. गाडी कसली, रंग कुठला, मागं काय लिहिलंय, कुठल्या बाजूनं आली, तुम्ही रस्त्याच्या कुठल्या कडेला होता हे पण सांगा. जवळ चहावाला, पंक्चरवाला, भाजीवाली कुणी बघितलं असेल तर तिथंच त्यांना विचारून नाव-नंबर घ्या, दुसऱ्या दिवशी "मी नव्हतो बघितलं" होतं. आणि गाडीच्या मागं सायकल पळवू नका. सिग्नलला गाठून काच ठोकणं तर नकोच, तिथून भांडण सुरू होतं आणि मूळ तक्रार बाजूला राहते.

४. अर्ज कसा लिहायचा? वकील लागतो का?

वकील लागत नाही. साध्या कागदावर मराठीत लिहिलेलं चालतं, एक पान पुरे. साधारण असा:

"मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक, अमुक पोलीस ठाणे, सोलापूर शहर. विषय : बेदरकार वाहन चालवून जीव धोक्यात घातल्याबाबत. मी अमुक, राहणार अमुक. दि. … रोजी सकाळी ६.४० वाजता मी सायकलवरून आसरा चौकाकडून होटगी रोडने रस्त्याच्या डाव्या कडेने जात असताना पांढऱ्या रंगाचा टेम्पो क्र. … हा मागून भरधाव आला. चालकाच्या हातात मोबाईल होता. त्याचा आरसा माझ्या उजव्या हाताला लागला व मी रस्त्याखाली गेलो. तो थांबला नाही. घटना अमुक यांनी पाहिली आहे. व्हिडिओ माझ्याकडे आहे. सदर चालकावर मोटार वाहन कायदा कलम १८४ व भारतीय न्याय संहिता कलम २८१ प्रमाणे कारवाई व्हावी."

एवढंच. "हे लोक माजलेत", "प्रशासन झोपलंय का" हे मनात कितीही आलं तरी अर्जात नको, त्यानं अर्ज कमजोर होतो. दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका. या एका गोष्टीसाठी हट्ट करा. तोंडी सांगून आलेली तक्रार दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही, आवक नंबर असलेल्या अर्जाचं काय झालं हे मात्र महिन्यानं पण विचारता येतं, माहिती अधिकारात पण विचारता येतं.

५. नंबर अर्धाच दिसला, किंवा दिसलाच नाही. सोडून द्यायचं का?

नाही. शेवटचे चार आकडे आणि गाडीचा प्रकार-रंग एवढ्यावर पण पोलीस शोधू शकतात. सुरुवातीची अक्षरं पण कामाची असतात, एमएच १३ सोलापूर, एमएच ४५ अकलूज, एमएच २५ धाराशिव, केए २८ विजापूर, केए ३२ कलबुर्गी. जे नक्की दिसलं तेवढंच लिहा. "बहुतेक ८ असेल" म्हणून आकडा भरलात आणि तो दुसऱ्याच माणसाच्या गाडीचा निघाला तर त्याला विनाकारण ठाण्यात बोलावतील आणि तुमच्या खऱ्या तक्रारीवर पण कुणी विश्वास ठेवणार नाही. नंबर अजिबात नसेल तर कॅमेरे बघा, चौकातले, पेट्रोल पंपाचे, दुकानांचे. यात उशीर झाला की संपलं, कारण खाजगी कॅमेऱ्यात जुन्यावर नवीन रेकॉर्डिंग चढत जातं. दुकानदार फुटेज तुमच्या हातात देणार नाही कदाचित, पण "तेवढं पुसू देऊ नका, पोलीस येतील" हे त्याला त्याच दिवशी सांगून ठेवा आणि अर्जात त्या कॅमेऱ्याची जागा लिहा.

६. माझ्याकडं व्हिडिओ नाही. नुसत्या माझ्या शब्दाला काय किंमत?

किंमत आहे, तुम्ही साक्षीदार आहात. सायकलला कॅमेरा लावायची ऐपत असलेलेच सायकल चालवतात असं आपल्या गावात तरी नाही. टॉवेलच्या कारखान्यात जाणारा कामगार, दूधवाला, शाळेची पोरं हेच जास्त, आणि कायदा त्यांच्यासाठी पण तोच आहे. व्हिडिओ नसेल तर प्रश्न ३ मधले तपशील आणि एक स्वतंत्र साक्षीदार हे जास्त महत्त्वाचं होतं.

व्हिडिओ असेल तर मूळ फाईल तशीच ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवली की ती दाबली जाते, तारीख-वेळेची माहिती पण जाते, म्हणून पोलिसांना पेन ड्राईव्हवर कॉपी द्या आणि मूळ मेमरी कार्ड किंवा फोन सांभाळा. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखवायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते पोलीस मागतील तेव्हा द्यायचं, त्यात कुठल्या फोनवर काढलं वगैरे असतं. कापाकापी, गाणं, गोल करून बाण, काही नको. घटनेच्या आधीचा एखादा मिनिट पण असू द्या, तुम्ही नीट डाव्या कडेनं चालला होता हे त्यातच दिसतं.

७. पोलीस म्हणतात ही आमची हद्द नाही. आता?

सोलापुरात हे लई होतं, कारण शहर संपून ग्रामीण कुठं सुरू होतं हे सायकलवाल्याला कळत नाही. तुळजापूर रोडला हिप्परग्याकडं गेलात, हैदराबाद रोडला बोरामणीकडं किंवा पुणे रोडला मोहोळकडं, की ग्रामीण पोलिसांचं काम, त्यांचे प्रमुख पोलीस अधीक्षक. शहरात पोलीस आयुक्त. पण हद्दीवरून तुम्हाला परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय की दखलपात्र गुन्ह्याची (म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाच्या आदेशाची वाट न बघता तपास सुरू करू शकतात) माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द कुठलीही असो. याला झिरो एफआयआर म्हणतात, नंतर ते ठाणंच पुढं पाठवतं. २८१ दखलपात्र आहे. शांतपणे "साहेब, झिरोनं घ्या" एवढं म्हणा, बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं. गाडी कर्नाटकची असली तरी फरक नाही, गुन्हा जिथं घडला तिथं नोंद होते.

८. "लागलं नाही ना, मग जाऊ द्या की" असं म्हणून अर्जच घेत नाहीत.

आधी नम्रपणे कलम दाखवा (प्रश्न १). तरी नाही म्हटले तर भांडू नका, तोच अर्ज स्पीड पोस्टानं शहरात पोलीस आयुक्तांना, ग्रामीणला पोलीस अधीक्षकांना पाठवा, ठाण्यानं नोंद केली नाही तर वरच्या अधिकाऱ्याला लेखी कळवायची सोय कलम १७३ मध्येच दिलीय. पोस्टाची पावती जपा. त्यानंही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो, तिथं मात्र वकील घेतलेला बरा. आपले सरकार पोर्टलवर पण तक्रार टाकता येते. ऑनलाईन माहिती दिली तर तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करावी लागते, त्याशिवाय तिची एफआयआर होत नाही, हे लोक विसरतात. आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे.

सगळे पोलीस टाळतात असं अजिबात नाही. नीट लिहिलेला अर्ज, नंबर आणि जागा हातात दिली की गाडी मालकाला फोन जातो, बोलावणं जातं, आणि पुष्कळ ड्रायव्हरांना तेवढी भीती पण आयुष्यात पहिल्यांदाच बसते.

९. ड्रायव्हरचं पुढं होतं काय?

मालकाला विचारलं जातं की त्या वेळी गाडी कोण चालवत होतं, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे ते सांगणं त्याला बंधनकारक आहे. १८४ सिद्ध झालं तर पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १००० ते ५००० रुपये दंड किंवा दोन्ही, तीन वर्षांच्या आत परत केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. हातातल्या मोबाईलचा भाग सोडला तर १८४ जागेवर दंड भरून मिटत नाही, कोर्टात जावं लागतं. कलम २०६ खाली पोलीस लायसन ताब्यात घेऊन आरटीओकडं पाठवू शकतात आणि ज्याचं पोट गाडीवर आहे त्याला लायसनची भीती दंडापेक्षा जास्त असते. दारू असेल तर कलम १८५, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. पण त्यासाठी तपासणी तेव्हाच व्हावी लागते, दुसऱ्या दिवशी "तो प्यायला होता" म्हणून उपयोग नाही, म्हणून ११२ लगेच.

१०. उसाचे ट्रॅक्टर! दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना नंबर. कुणाला धरायचं?

हंगाम सुरू झाला की सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि अंधारात सायकल चालवणाऱ्याला याच्याइतकी भीती कशाचीच नसते. ट्रॅक्टर पुढं निघून गेला असं वाटून तुम्ही आत वळता आणि मागची ट्रॉली अंगावर येते, वर टेप एवढ्या आवाजात की ओरडलेलं ड्रायव्हरला ऐकू जात नाही. ट्रॉलीला मागं लाल दिवा, रिफ्लेक्टर आणि स्वतःचा नंबर लागतो. नसेल तर ती आरटीओची आणि पोलिसांची दोघांची बाब आहे.

नंबरच नाही तर काय लिहायचं? ट्रॅक्टरच्या तोंडावर नंबर असतो बहुतेक, तो घ्या. तोही नसेल तर ट्रॅक्टर कुठल्या कारखान्याकडं चाललाय ते लिहा, आणि पोलिसांना दिलेल्या अर्जाची एक प्रत कारखान्याच्या शेतकी ऑफिसला द्या. वाहतूक ठेकेदाराचा करार कारखान्याशी असतो, बिल तिथूनच निघतं, त्यामुळं तिथून आलेला शब्द ड्रायव्हर ऐकतो. एकट्याच्या अर्जापेक्षा त्या रस्त्यावरच्या दहा जणांनी सही केलेला अर्ज हंगामाच्या सुरुवातीलाच दिला तर लई फरक पडतो, "रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली गव्हाणीवर (कारखान्यात ऊस उतरवतात तिथं) घेऊ नका" अशी मागणी त्यात सरळ लिहा. ड्रायव्हर पण रात्र-रात्र जागून खेपा मारणारी गरीब माणसं असतात, हे मनात ठेवून लिहा, पण लिहा.

११. रिक्षा, एसटी, सिटी बस, स्कूल बस यांचं वेगळं काही आहे का?

पोलिसांकडची वाट तीच, वर एक जादा दार. रिक्षा आणि स्कूल बसला परमिट आरटीओ देतं, म्हणून आरटीओला प्रत द्यायची. एसटी असेल तर बसवर आगाराचं नाव असतं, त्या आगार व्यवस्थापकाला बस नंबर, वेळ, मार्ग लिहून द्या, त्या वेळी ड्यूटीवर कोण होतं हे त्यांच्या नोंदीत असतं. सिटी बससाठी महापालिकेचा परिवहन विभाग. स्कूल बससाठी मुख्याध्यापकांना पण द्या, शाळा असल्या गोष्टीला घाबरतात आणि घाबरायलाच पाहिजे. सिमेंटचे बल्कर, पाकणीकडचे तेलाचे टँकर यांच्या मागं बहुतेक वाहतूक कंपनीचं नाव-नंबर असतो, तिथं फोन करा, पण फोन म्हणजे तक्रार नव्हे, अर्ज वेगळा द्याच.

१२. गाडी चालवणारा पोरगा शाळेतला होता.

मग प्रकरण नुसतं पोराचं राहत नाही, पालकाचं किंवा गाडी मालकाचं पण होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ, २५,००० दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द. पोराचा फोटो कुठंही टाकू नका.

१३. धडक बसलीय. आधी काय, तक्रार की दवाखाना?

दवाखाना, १०८. पण दवाखान्यात "पडलो" म्हणू नका, "गाडीनं उडवलं" असं सांगा, मगच मेडिको लीगल केस होते आणि पोलिसांना कळवलं जातं. सिव्हिलला असो की खाजगीत, हेच लागू. भिडेपोटी किंवा घाईत "घसरून पडलो" लिहिलं गेलं तर ते नंतर पुसायला फार त्रास होतो. कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना २०२५ मध्ये आली, मोटार वाहनाच्या अपघातात नेमलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार, दवाखान्यात त्याबद्दल विचारा. सायकल तशीच ठेवा, पंचनामा व्हायच्या आधी दुरुस्तीला टाकू नका, फोटो काढा. ड्रायव्हरनं थांबून जखमीला मदत करणं आणि पोलिसांना कळवणं ही कलम १३४ प्रमाणे त्याची जबाबदारी आहे. नुकसानभरपाईचा दावा जिल्हा न्यायालयातल्या मोटार अपघात न्यायाधिकरणात, कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा बरं झाल्यावर बघू म्हणत बसू नका.

१४. उडवून पळून गेला, गाडी सापडलीच नाही. भरपाई विसरायची का?

नाही. हिट अँड रनसाठी सरकारी भरपाई आहे, गंभीर जखमेला ५०,००० आणि मृत्यू झाला तर वारसांना २ लाख, एप्रिल २०२२ पासूनचे दर. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात. त्याला एफआयआर लागते, म्हणून गाडी माहीत नसली तरी अनोळखी वाहनाविरुद्ध गुन्हा नोंदवूनच घ्या. ही योजना गरीब घरांना माहीतच नसते, कुणाच्या घरी असं झालं असेल तर त्यांना सांगा.

१५. शिव्या दिल्या, गाडी आडवी घातली, मारायला उतरला.

हे ट्रॅफिकचं राहिलं नाही. भारतीय न्याय संहितेत अडवणं कलम १२६, धमकी ३५१, मारहाण ११५. अर्जात शब्द जसेच्या तसे लिहा, लाजून "अपशब्द वापरले" एवढंच लिहू नका. बाई किंवा मुलगी असेल आणि मुद्दाम जवळून गाडी नेणं, पाठलाग, घाणेरडं बोलणं झालं असेल तर ते वेगळं सांगा, त्याची कलमं वेगळी आणि जड आहेत.

१६. व्हिडिओ सरळ फेसबुक-इन्स्टावर टाकला तर लवकर हलत नाही का?

कधी कधी हलतं, पण आधी अर्ज, मग पोस्ट. नंबरवरून मालकाचं नाव-पत्ता शोधून टाकणं, "हाच तो खुनी" लिहिणं यानं बदनामीची केस तुमच्यावर उलटू शकते, आणि गाडी चालवणारा मालकच होता हे तुम्हाला माहीत नसतं. त्याच्या घरी तर जाऊच नका.

१७. आमच्या कामगाराला मराठी लिहिता येत नाही, घाबरतो पण. मी त्याच्या वतीनं देऊ का?

द्या. घटना बघितलेली असेल तर तुम्ही स्वतःच्या नावानं साक्षीदार म्हणून द्या. त्याला स्वतः द्यायची असेल तर तोंडी सांगितलेलं लिहून घेऊन वाचून दाखवणं हे ठाण्याचं काम आहे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे ते. पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारे, इकडं कन्नड बोलणारे, सोबत कुणी गेलं की त्यांना धीर येतो. आणि जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यावर कुणी केस करत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ मध्ये तसं संरक्षण आहे, नाव सांगायची पण जबरदस्ती नाही.

१८. गाडी चालू नव्हती, अंधारात रस्त्यात उभी होती. त्याला बेदरकार म्हणता येईल?

१८४ बसणार नाही, पण त्याच मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ आहे, धोका होईल अशी गाडी रस्त्यात सोडणं. ढाब्यासमोर दिवे बंद करून लावलेले ट्रक याच्यात येतात. ११२ किंवा १०३३ लावून जागा सांगा, फोटो लांबून काढा, फोटोसाठी मागं उभं राहू नका.

१९. माझ्या सायकलला दिवा नव्हता. मग माझीच चूक धरतील ना?

भरपाईच्या दाव्यात समोरचा वकील हे काढणार, आणि तुमचा थोडा दोष धरला तर रक्कम तेवढी कमी होऊ शकते. पण त्यानं ड्रायव्हरचा गुन्हा माफ होत नाही. अर्जात लपवू नका. दिवा होता असं लिहिलं आणि पंचनाम्यात नाही निघाला तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवर पण शंका येते. मागचा लाल दिवा मात्र आजच लावा.

२०. ड्रायव्हर ओळखीतला निघाला, लोक म्हणतात मिटवून घ्या.

हा निर्णय तुमचा, पण दोन गोष्टी बघा. दवाखाना पूर्ण व्हायच्या आधी कुठल्याही कागदावर सही नको, हाडाचं दुखणं कधी कधी महिन्यानं वर येतं आणि "माझी काही तक्रार नाही" हा कागद तुमच्या दाव्याच्या आड येतो. दुसरं, एफआयआर झाली असेल तर २८१ चा गुन्हा तुम्ही दोघांनी चहा पिऊन मिटत नाही, तो कोर्टासमोरच संपतो. ज्याला खरंच वाईट वाटलंय तो दवाखान्याचं बिल आणि सायकल केस चालू असताना पण भरून देऊ शकतो, ते घ्या, पावती करा आणि अर्ज तसाच राहू द्या.